‘लघु’ धरणाचा धोका लघु असतोच असे नाही

ठाणे, खास प्रतिनिधी

एमआयडीसीने दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवले, की वागळे इस्टेटलगतच्या किसननगर, रूपादेवी पाडा या वस्त्यांमधील नळही कोरडे पडतात. या पाणीपुरवठ्याचा मोठा आधार म्हणजे बारवी धरण. ते जलसंपदा खात्याचे नसून एमआयडीसीच्या मालकीचे आहे, याची अनेक ठाणेकरांना कल्पना नसते. मुळशी, वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही धरणे तर टाटा पॉवर या खासगी कंपनीची. मालक कोणीही असो, धरणाखाली राहणाऱ्यांचा प्रश्न एकच : ते फुटले तर?

येथे दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. गळती, खचलेला भराव, तुंबलेला सांडवा ही झाली धरणाची प्रकृती. धोक्याची वर्गवारी निराळी. धरण फुटल्यास खाली किती माणसे, घरे, रस्ते सापडतील, यावर ती ठरते. म्हणूनच ठणठणीत धरणही ‘उच्च धोका’ वर्गात असू शकते. आणि धरण जसेच्या तसे राहिले, तरी खाली चाळी उभ्या राहिल्या की त्याचा वर्ग बदलावा लागतो.

‘लघु’ हा शब्द तर फारच फसवा. लघु पाटबंधारे योजना ठरते ती २,००० हेक्टरपर्यंतच्या लाभक्षेत्रावरून, धोक्यावरून नव्हे. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण असेच ‘लघु’ होते. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि भेंदवाडीतील घरे माणसांसह वाहून गेली. किमान १९ जणांचा बळी गेला. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी मात्र खेकड्यांकडे बोट दाखवले होते!

खासगी धरणाचे उदाहरण हवाई बेटांवरचे. तेथील कालोको हे मातीचे धरण सरकारदरबारी ‘कमी धोका’ वर्गात होते. १४ मार्च २००६ रोजी ते फुटून सात जण दगावले. सांडवा बुजवला गेल्याचा मुद्दा चौकशीत पुढे आला. मालकाला पुढे तुरुंगवासही झाला.

आपल्याकडे ३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा अधिनियम लागू आहे. १५ मीटरहून उंच धरणे आणि काही अटी पूर्ण करणारी १० ते १५ मीटर उंचीची धरणे त्याच्या कक्षेत येतात. मालक सरकारी असो वा खासगी, पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी त्याला बंधनकारक आहे. आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्यासाठी जुन्या धरणांना पाच वर्षांची मुदत देण्यात आली. धोक्याची वर्गवारी राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेने करायची आहे.

दहा मीटरखालचे खासगी बंधारे मात्र या कायद्याबाहेरच राहतात. अशा बंधाऱ्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ असेल, तर त्यावर लक्ष ठेवावे. ते गढूळ येऊ लागले, तर भरावातील माती वाहून जात आहे असे समजून तहसील कार्यालयाला तातडीने कळवावे आणि ओढ्याकाठची घरे रिकामी करावीत.