पस्तिसाव्या हिश्श्यातलं चिलखत

भोर-वेल्ह्याकडे लहानपणी किल्ला केला नाही असा माणूस विरळाच. सहामाही संपली की विटांचे तुकडे, दगड, फाटकं पोतं आणि ओढ्याकाठची माती गोळा व्हायची, आणि चार दिवसांत अंगणात राजगड उभा राहायचा. उतारावर हळीव नाहीतर मोहरी पेरायची, माथ्यावर महाराज बसवायचे. इथल्या मुलांना मूळ किल्ला पुस्तकात शोधावा लागत नाही. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या कशा फुटतात ते चढून जाऊन पाहता येतं. संजीवनीची दुहेरी तटबंदी, दोन भिंतींमधली अरुंद वाट आणि बुरुजाला बाहेरून घातलेलं बुरुजाचंच चिलखत ज्याने एकदा स्वतःच्या हातांनी मातीत केलं, त्याला बाहेरची भिंत ढासळली तरी आतली का तगते हे वेगळं सांगावं लागत नाही.

या किल्ल्यांत एकच गोष्ट नसते, ती म्हणजे प्रमाण. पाली दरवाजातून आत जायचं तर मातीच्या मावळ्याला पोटावर सरपटावं लागेल. मुलांच्या किल्ल्यात ते तसंच हवं, कारण तिथे माणसं दिसली पाहिजेत. पण हाच नाद ज्यांना मोठेपणीही सुटत नाही, ते प्रमाणापाशी येऊन थांबतात आणि तिथून स्केल मॉडेल नावाची वेगळी कला सुरू होते. आपल्याकडे तिची सर्वांत ओळखीची जागा पुण्यात आहे. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून पुणेकरांना एकास सत्याऐंशी प्रमाणातल्या गाड्या दाखवतं आहे. लष्करी गाड्यांची मॉडेल करणारे मात्र घरातल्या टेबलापाशीच राहिले. त्यांच्या कामाबद्दल फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा लेख.

लष्करी वाहनांत जगभर चालणारं प्रमाण एकास पस्तीस. ते कुणी शास्त्राने ठरवलेलं नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचा संच काढला, त्यात छोटी मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या बसतील एवढा सांगाडा घेतला तेव्हा प्रमाण पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास आलं. पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. या प्रमाणात पावणेसहा फुटी जवान पाच सेंटीमीटरचा होतो, आणि त्याच्या हेल्मेटचा पट्टा ब्रशच्या दोन-तीन केसांनी रंगवावा लागतो.

मला ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे ती भोरपासून फार लांबची नाही. १२ एप्रिल २०२२ला पुण्यात, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रावर, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी काही नवी वाहनं सैन्यात दाखल करून घेतली. त्यांत टाटांच्या गाड्या होत्या आणि भारत फोर्जची कल्याणी एम-४ होती. नरवणे पुण्याचे, गाडी पुण्याची. तिचा मूळ आराखडा दक्षिण आफ्रिकेच्या पॅरामाउंट कंपनीचा. फेब्रुवारी २०२१मध्ये लष्कराने तिच्यासाठी १७७ कोटी ९५ लाख रुपयांची मागणी नोंदवली होती. चार चाकं, चारही चाकांना जोर, वजन १६ टनांच्या आसपास. लडाखसारख्या उंच, उजाड मुलखात जवानांची तुकडी सुरुंगापासून आणि गोळीबारापासून सांभाळत न्यायची, हे तिचं काम.

या गाडीचा तयार संच मी बाजारात पाहिलेला नाही. अमेरिकी गस्ती गाड्यांचे चिनी संच मिळतात, तेही चांगले मिळतात. आपली गाडी हवी असेल तर प्लास्टिकच्या कोऱ्या शीटपासून सुरुवात करायची. याला हौशी मंडळी ‘स्क्रॅच बिल्ड’ म्हणतात, आणि माझ्या मते कला खरी इथेच आहे. संच जुळवणाऱ्याला भाग कुठे लावायचा एवढं कळलं तरी चालतं. शीट कापणाऱ्याला तो भाग तिथे का आहे हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला प्रश्न मापांचा. सेवेत असलेल्या लष्करी गाडीजवळ टेप घेऊन कुणी जाऊ देणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. लष्कराने आणि कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेली छायाचित्रं पुरतात, त्यांच्यातून माप काढायची युक्ती टायरमध्ये आहे. लष्करी ट्रकांवर सर्रास दिसणारा ३९५/८५ आर २० हा टायर घ्या. ३९५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८५ टक्के उंचीची बाजू, आत २० इंची रिम. म्हणजे रिमचे ५०८ आणि दोन्ही बाजूंचे मिळून ६७१, असा सुमारे ११८० मिलिमीटर व्यास. त्याला पस्तिसाने भागलं की ३३.७. बाजूने समोरासमोर घेतलेल्या छायाचित्रात टायरचा व्यास मोजला की दार, खिडकी, बॉनेट, दोन चाकांमधलं अंतर असं सगळं त्याच पट्टीने काढता येतं. कागदावर चारही बाजूंचं आरेखन जुळेपर्यंत कटरला हात लावू नये.

आरेखन करतानाच गाडी उलगडायला लागते. साध्या ट्रकला खाली दोन लांब पट्ट्यांची चासी असते आणि वर पेटी ठेवलेली असते. एम-४ला लष्कर ‘मोनोकॉक’ म्हणतं, म्हणजे चिलखती पेटी हाच सांगाडा. चाकांचे जोड थेट तिलाच येतात. या कुळातल्या गाड्यांचा इतिहास दक्षिण आफ्रिकेत सुरू होतो. तिथे सत्तरच्या दशकापासून सुरुंगांच्या रस्त्यांवरून चालतील अशा गाड्या बनू लागल्या. त्यांतली कॅस्पीर आपल्या सैन्यानेही घेतली. कॅस्पीरचं पोट इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखं उतरतं. खाली स्फोट झाला की त्याचा झोत या उतारावरून दोन्ही बाजूंना निसटतो, सरळ माणसांच्या पायांवर येत नाही. त्यासाठी पेटी जमिनीपासून उंच उचलावी लागते, म्हणून अशा पोटाच्या गाड्या उंच आणि जरा बेढब दिसतात. ती उंची माणसाच्या घोट्यांसाठी, गुडघ्यांसाठी आणि मणक्यासाठी आहे हे एकदा कळलं की मॉडेलमध्ये अशी गाडी दोन मिलिमीटरने बुटकी करायला हात धजत नाही.

ज्यांना प्रत्यक्ष लोखंड पाहायचं आहे त्यांनी अहिल्यानगरला जावं. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४चं. रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून पुढच्या रणगाड्यांपर्यंतची रांग तिथे उन्हात उभी आहे. जाड पत्र्याची वेल्डिंगची शिवण कशी फुगते आणि रंगाखाली ओतीव पोलादाचा खरखरीतपणा कसा राहतो, हे छायाचित्रात नीट कळत नाही. मॉडेलवर ती शिवण आणायला पुट्टीची सुतासारखी वळी लावायची आणि ओली असतानाच ब्लेडच्या टोकाने बारीक दाबत जायचं.

एम-४सारख्या गाडीत सगळ्यात वेळ काचा घेतात. बुलेटप्रूफ काच अनेक थरांची असते. ती सात सेंटीमीटर जाड धरली तर मॉडेलमध्ये दोन मिलिमीटरची होते, म्हणजे नेहमीची पातळ पारदर्शक शीट लावून भागत नाही. जाड ॲक्रिलिक कापायचं, कडा घासून चकचकीत करायच्या आणि कडेलाच हिरव्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा. समोरून काच स्वच्छ दिसते आणि तिरकं पाहिलं की आतून हिरवी झाक येते, खऱ्या गाडीसारखी. चिकटवायला फेविक्विक अजिबात नको. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर धुकं धरतं आणि ते निघत नाही. साधा पांढरा गोंद लावावा, तो वाळला की दिसतही नाही.

चाक एकच कोरायचं. त्यावरून सिलिकॉनचा रबरी साचा घ्यायचा आणि रेझिनमध्ये बाकीची ओतायची. बसवताना प्रत्येक टायरचा तळ कानशीने किंचित सपाट करायचा आणि जमिनीलगतची बाजू थोडी फुगीर ठेवायची. १६ टनांची गाडी गोल टायरांवर टेकली तर पोकळ वाटते. मॉडेलला वजन देता येत नाही, ते दाखवावं लागतं.

रंगाला भोरची हवा वर्षातले चार महिने साथ देत नाही. पावसाळ्यात इथे भिंती ओल धरतात. त्या दमटपणात लॅकर फवारला तर पृष्ठभागावर पांढुरकी साय येते. म्हणून कापणी-जोडणी पावसात आणि रंग दिवाळीनंतर, हे वेळापत्रक हवामानच ठरवून देतं. खऱ्या गाडीच्या हिरव्या रंगाचा नमुना जसाच्या तसा छोट्या मॉडेलवर लावला तर तो काळपट दिसतो, म्हणून त्यात थोडा फिका रंग मिसळावा. धुळीचंही तसंच. आपली तांबडी माती चाळून चाकांना लावण्याचा मोह होतो, पण ती गाडी मग लडाखची राहत नाही, वरंध घाटातली होते. तिकडची धूळ करडी, फिकट पिवळसर. रंगखडू घासून तशी पूड करावी, चाकांच्या कमानीत आणि पायरीवर जास्त लावावी, छतावर अगदी कमी. दाराच्या मुठीभोवती आणि पायरीच्या कडेला जिथे रोज हात-पाय लागतात तिथे रंग झिजलेला दाखवावा, बाकी कुठे नाही.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट मला टोचत राहते. भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवडला प्लास्टिकचे साचे बनवणारे कारखाने गल्लीगल्लीत आहेत. मोटारींचे डॅशबोर्ड आणि दिव्यांच्या काचा तिथे मायक्रॉनच्या हिशेबात निघतात. भोर, पुरंदर, वाई, साताऱ्याकडच्या किती घरांत कुणीतरी सैन्यात आहे किंवा होतं. तरीही आपल्या सैन्याच्या गाडीचा आपल्या मातीतला संच दुकानात मिळत नाही. साचा महाग असतो हे खरं, पण तो एकदा झाला की हजारो संच देतो.

कुणी हे मनावर घेतलं तर पहिला संच एम-४चा काढू नये. आधी जिप्सीचा काढावा. नागरिकांसाठी १९८५ला आलेली ही गाडी पुढे हजारोंनी सैन्यात गेली आणि खरी गस्त घातली ती तिने. चिलखत नाही, कापडी छत, थोडेच सुटे भाग. तिची लांबी ४०१० मिलिमीटर, म्हणजे एकास पस्तीसमध्ये साडेअकरा सेंटीमीटरच्या आत. शाळकरी पोराच्या तळहातावर बसेल आणि रजेवर आलेला काका शेजारी बसून वायरलेसची अँटेना कुठे लावायची ते सांगू शकेल.