मोडलेला कोयता आणि मूळपेशींची आशा

दिवाळीच्या आगेमागे आपल्या बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातला एक जण मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढताना फळीवरून घसरला, की कोयता मोडतो. मुकादमाची उचल मात्र तशीच राहते. मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलं, तर घरात एकच प्रश्न फिरतो, ‘हे पुन्हा चालतील का हो, डॉक्टर?’

हल्ली या प्रश्नावर एक उत्तर हमखास ऐकू येतं, ‘स्टेम सेल’. कुणी पाहुणा मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. खर्च लाखांत. मग नजर जाते ती बाईच्या डोरल्याकडे, नाहीतर दोन एकर कोरडवाहूकडे. म्हणून मैत्रिणींनो, दागिना मोडायच्या आधी एवढं वाचा.

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी तयार होतात, त्या. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलेसेमियात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. अस्थिमज्जा बदलतात ती हीच. मणक्याचं तसं नाही. मणक्यातून मेंदूचे निरोप नेणारा मज्जारज्जू जातो. तो चिरडला की तुटलेले धागे आपोआप जुळत नाहीत. कमरेच्या हाडातून काढलेल्या पेशी पाठीत टोचल्या की हे धागे पुन्हा जुळतात, असा भक्कम पुरावा अजून कुणाकडेच नाही.

मग व्हिडिओतला माणूस पाय कसा हलवतो? खरं तर मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसेल, तर पहिल्या काही महिन्यांत बरीच सुधारणा आपसूक होते. शिवाय इंजेक्शनबरोबर व्यायामही जोरात चाललेला असतो. श्रेय जातं इंजेक्शनला!

संशोधन थांबलेलं नाही बरं का. जपानच्या केओ विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये पहिल्यांदा अशा रुग्णाच्या मज्जारज्जूत प्रयोगशाळेत घडवलेल्या मूळपेशी सोडल्या. अशा चार रुग्णांचा निकाल मार्च 2025 मध्ये सांगितला गेला. दोघांच्या हालचालीत सुधारणा झाली, त्यातला एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला. बाकी दोघांत विशेष फरक नाही. गंभीर त्रास कुणालाच झाला नाही. पण लक्षात घ्या, रुग्ण फक्त चार, आणि पेशी दिल्या त्या अपघातानंतर दोन ते चार आठवड्यांत. पाच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला या बातमीचा आधार देता येत नाही.

आपल्याकडे नियम काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की रक्ताचे ठरावीक आजार वगळता मूळपेशी हा मान्य उपचार नाही. द्यायच्या तर मंजुरी घेतलेल्या, नोंदणी झालेल्या चाचणीतच, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा दवाखान्यात सरळ विचारा, ‘ही चाचणी आहे का? तिचा नोंदणी क्रमांक द्या. चाचणी आहे तर पैसे कसले?’ विचारायला लाजू नका. गर्भाशयाच्या पिशवीच्या वेळी आपण विचारलं नाही. 2019 च्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा भीती घातली होती, इथे आशा दाखवतात.

मग काहीच करायचं नाही का? करायचं तर पुष्कळ आहे, फक्त त्याची जाहिरात होत नाही. अंग बधिर झालेल्या माणसाच्या जिवावर बेततं ते बहुधा अंथरुणातल्या जखमांमुळे आणि लघवीच्या संसर्गामुळे. रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलायची. ढुंगण, टाचा, माकडहाड रोज उजेडात बघायचं. लाल डाग दिसला की त्या जागेवर भार नको. खुर्चीत बसवलं तर दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलायला लावायचं. आणि बधिर पायाला गरम पिशवीचा शेक मुळीच देऊ नका. सासूबाई मायेने देतात, पण भाजलेलं त्याला कळतच नाही.

दोन तासांची कूस अर्थातच बायकोच्या वाट्याला येते. दीर, मुलगा, जाऊ यांच्यात रात्रीच्या पाळ्या लावून घ्या. तुम्ही आजारी पडलात तर ते घर कोण बघणार?

व्यायाम आणि तपासणीसाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. मुंबईला जायची ताकद असेल तर हाजी अलीची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. चाकाची खुर्ची, अपंगत्वाचा दाखला, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज ही कामं पहिल्या महिन्यांतच मागे लावा. आणि दवाखान्यातून सुट्टी होण्याआधी लघवीची नळी दर चार-सहा तासांनी कशी घालायची आणि कशी काढायची, हे नर्सबाईंकडून शिकून घ्या. नुसतं बघू नका, त्यांच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने करून दाखवा.