दोन जिवांची आणि आपण

घरात गोड बातमी कळली, की सल्ल्यांना ऊत येतो. ‘वाकू नकोस, जिने चढू नकोस, नुसती पडून राहा!’ त्याच घरी भांडी घासणारी बाई आठव्या महिन्यातही तीन मजले चढून येते. तिला मात्र कुणी ‘बस’ म्हणताना मी फारसं पाहिलेलं नाही. एकीला हालचाल नाही, दुसरीला विसावा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार, डॉक्टरांची हरकत नसेल तर गर्भवतीने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास चालणं. चालता चालता बोलता यावं, इतकाच वेग. गर्भारपणातल्या मधुमेहाचा धोका त्यामुळे कमी होतो. ‘घरकाम हाच व्यायाम’ हेही पुरतं खरं नाही; ओट्याशी तासन्‌तास उभं राहून पायच सुजतात. रक्तस्राव, चक्कर, कळा किंवा अंगावरून पाणी जाऊ लागलं, तर मात्र थांबून लगेच डॉक्टरांना गाठावं.

सासूबाईंनो, माझी एवढीच विनंती : सुनेला धाक घालण्यापेक्षा संध्याकाळी तिच्याबरोबर फेरी मारा. आणि कामाच्या बाईंना आधी पाणी द्या, घटकाभर बसवा.