ओळख आधी, भेट नंतर

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या किंचित वर, थायमस नावाची मऊ ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते. वयात आल्यावर आक्रसत जाते आणि तिच्या जागी चरबी साठते. १९६० पर्यंत तिचं काम काय, याचं पटेल असं उत्तर कुणाकडे नव्हतं. ती लसिकापेशींनी ठासून भरलेली दिसे. पण वाढलेल्या उंदरातून काढली तरी त्याचं फारसं बिघडत नसे, म्हणून तिला निरुपयोगी ठरवून बहुतेक जण मोकळे झाले होते.

लंडनमध्ये उंदरांच्या रक्तकर्करोगावर काम करणाऱ्या जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढली. ती पिल्लं पुढे खंगत गेली. त्यांच्या रक्तात लसिकापेशी फार थोड्या होत्या, आणि दुसऱ्या वाणाच्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर लावली तर ती रुजली. परकं ओळखण्याची शक्तीच तयार झाली नव्हती. १९६१ साली हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. मोठ्या उंदराला थायमस लागत नव्हती, कारण तिचं बरंचसं काम आधीच उरकलेलं होतं.

त्याच्या पाच वर्षं आधी अमेरिकेत ब्रूस ग्लिक यांना दिसलं होतं, की कोंबडीच्या शेपटीजवळची 'फॅब्रिशियसची पिशवी' लहानपणीच काढली तर तिच्यात प्रतिपिंडं नीट तयार होत नाहीत. तो निबंध 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापला गेला आणि इतरांच्या नजरेत यायला वेळ लागला. १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच्या प्रयोगांतून दोन्ही धागे जुळवले: थायमसच्या पेशी वेगळ्या, पिशवीच्या वेगळ्या. आजच्या भाषेत टी आणि बी. माणसात ती पिशवी नाही. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत घडतात.

जंतू अंगात शिरतो, पेशी त्याला पाहते आणि मग त्याच्या मापाचं हत्यार बनवते, असं आपल्याला सहज वाटतं. घडतं उलटं. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलं, की प्रत्येक लसिकापेशी एकाच प्रकारची ओळख घेऊन आधीच तयार असते. प्रतिजन, म्हणजे जंतूचा ओळखला जाणारा अंश, फक्त आपल्याला जुळणारी पेशी निवडतो, आणि तिची संख्या वाढते. पण माणसाची सगळी जनुकं मिळून सुमारे २०,०००. मग कोट्यवधी ओळखी येतात कुठून? १९७६ मध्ये बाझेलला सुसुमु तोनेगावा यांनी दाखवलं, की बी पेशी घडताना प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे जागा बदलून जोडले जातात. मोजक्या अक्षरांतून असंख्य शब्द व्हावेत, तसे. टी पेशीही आपला ग्राही याच रीतीने जुळवतात. सांध्यांवर काही अक्षरं गळतात, काही नवी शिरतात. ही जुळणी आंधळी असते. मला हीच या शास्त्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते: पुढे कोणता रोग येणार, हे शरीर ताडत नाही, ते सरसकट शक्यता घडवून ठेवतं.

दोघींची पाहण्याची रीतही निराळी. बी पेशीला जंतूचा पृष्ठभाग थेट कळतो. टी पेशीला मात्र आपल्याच पेशीने एमएचसी रेणूवर मांडलेला प्रथिनाचा छोटा तुकडा दिसतो. तुकडा आणि तो धरणारा रेणू, दोन्ही ती एकदम वाचते. हे १९७४ मध्ये कॅनबेरात रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांच्या प्रयोगांतून कळलं.

आंधळ्या जुळणीची किंमत थायमसमध्ये मोजली जाते. स्वतःचा एमएचसी अजिबात न वाचणारी टी पेशी मरते. स्वतःच्या प्रथिनांना घट्ट चिकटणारीही बहुधा मरते. त्यासाठी थायमसच्या काही पेशी 'एअर' नावाच्या जनुकाच्या मदतीने इन्सुलिनसारखी दूरच्या अवयवांची प्रथिनंही तिथेच बनवून दाखवतात. बाहेर पडतात शंभरातल्या जेमतेम पाच. तरीही निसटलेल्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशींवरच्या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं.

टी पेशी ग्राही जुळवताना डीएनएचे काही तुकडे कापून टाकते. त्यांची वर्तुळं होऊन पेशीत पडून राहतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ही वर्तुळं मोजता येतात. ती जवळजवळ नसतील, तर बाळाच्या टी पेशी घडत नसाव्यात, अशी शंका घ्यावी लागते. अमेरिकेत आता सर्व राज्यांत ही चाचणी होते. आपल्याकडे बाळाला जन्मताच बीसीजी दिली जाते. त्या लशीतले जंतू दुबळे केलेले, पण जिवंत असतात. टी पेशी नसलेल्या बाळाच्या अंगभर ते पसरू शकतात. इंग्लंडने याच चाचणीसाठी २०२१ पासून बीसीजी २८ दिवसांनंतर द्यायला सुरुवात केली. क्षयाचा एवढा भार असलेल्या आपल्या देशात लस सर्वांसाठी लांबवणं धोक्याचं आहे. पण घरात आधी एखादं बाळ वारंवारच्या जंतुसंसर्गाने दगावलं असेल, तर लशीआधीच डॉक्टरांना ते सांगायला हवं, आणि नव्या बाळाची तपासणी आधी व्हायला हवी.