जांभ्याखालचा काळा दगड आणि रियुनियनची आग

रत्नागिरीच्या सड्यावर विहीर खणायला घेतली की आधी जांभा लागतो आणि पुरेसं खोल गेलं की काळा दगड. जांभा हा त्या काळ्या दगडातूनच झालेला. लाखो वर्षांच्या पावसाने बाकीचं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणजे कोकणातल्या घरांचे चिरेही मुळात लाव्हाच. हा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या आगीतून वर आला, ती आग अजून विझलेली नाही! आज ती इथून सुमारे साडेचार हजार किलोमीटर दूर, मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन बेटाखाली धगधगते आहे.

आग तिकडे गेली नाही, आपण इकडे आलो.

पृथ्वीचं कवच सरकत्या भूपट्टांचं बनलेलं आहे. त्याखाली काही मोजक्या जागी खोलवरून तप्त खडक वर येत राहतो. अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. जे. तुझो विल्सन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने १९६३मध्ये हवाई बेटांच्या रांगेचा उलगडा यावरूनच केला. शिलाई मशीनची सुई जागच्या जागी खालीवर होते, कापड तेवढं सरकतं, आणि टाक्यांची ओळ उमटत जाते, बेटांचंही तसंच. त्यात भारताचा भूपट्ट एके काळी वर्षाला १५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे भूपट्टांच्या मानाने अफाट वेगाने, उत्तरेला निघालेला. सह्याद्रीचा लाव्हा वाहिला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

मागे उरलेली ओळ हिंदी महासागरात बुडलेली आहे: लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी दक्षिणोत्तर पसरलेली डोंगररांग. १९८७मध्ये जहाजावरून समुद्रतळ खोदून तिथला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, वर काढला. मालदीवजवळचा निघाला सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, छागोसचा ४.९ कोटींचा. दक्षिणेला जावं तसं वय उतरत जातं. हॉटस्पॉटपासून दूर गेलेला ज्वालामुखी थंडावतो, त्याच्याखालचा समुद्रतळही थंड होऊन खचतो, आणि बेट बुडू लागतं. पण त्याच्या कडेने वाढणाऱ्या पोवळ्यांना उजेड हवा. बेट जितकं खाली जाईल तितकी ती वर बांधत राहतात. मालदीवमध्ये ज्वालामुखीच्या खडकावर असा सुमारे दोन किलोमीटर जाडीचा चुनखडीचा थर साचला आहे. एवढीएवढीशी पोवळी, आणि हे बांधकाम!

पुढे ओळ तुटते. मधल्या काळात, साडेतीन-चार कोटी वर्षांपूर्वी, भारत आणि आफ्रिका यांचे भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर होतात ती समुद्रतळाची भेगच हॉटस्पॉटवरून सरकली. तेव्हापासून बेटं आफ्रिकेच्या भूपट्टावर उगवू लागली. मॉरिशस त्यांतलंच, ८०-९० लाख वर्षांचं. १८३४नंतर मुंबईच्या बंदरातून जे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांत रत्नागिरीकडची माणसंही होती. त्या मळ्यांतून त्यांना जो काळा दगड वेचून बाजूला रचावा लागला, तो त्यांच्या गावच्या काळ्या दगडाचा कोट्यवधी वर्षांनी धाकटा भाऊ होता. हे त्यांना सांगणारं तेव्हा कुणीच नव्हतं, याची मला फार रुखरुख वाटते.

रियुनियन सगळ्यांत धाकटं, जेमतेम २०-३० लाख वर्षांचं. तिथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. एप्रिल २००७मध्ये त्याचा लाव्हा समुद्रापर्यंत पोचला आणि बेटाचा किनारा पुढे सरकला.