हात माझ्यावर गेलेत तिचे

आमच्या वसाहतीतील एक मुलगी यंदा दहावी पास झाली. वडील माथाडी कामगार. त्यांनी पैसे साठवून तिला गिटार घेऊन दिली, शिकवणी लावली. तिसऱ्याच आठवड्यात शिक्षकांनी तिची बोटे पाहून निकाल दिला : बोटे जाड आहेत, आखूड आहेत, हा गिटारीचा हात नव्हे. पोरीने गिटार पलंगाखाली सरकवली. वडील आम्हांला म्हणाले, "भाऊ, हात माझ्यावर गेलेत तिचे." जणू त्यांचाच गुन्हा! कोणाचा हात कोणत्या कामासाठी, हे जन्मावरून ठरवणारी भाषा आपल्या समाजाने पुष्कळ ऐकली आहे. म्हणून आम्ही या प्रकरणात लक्ष घातले.

आम्ही हिशेबाच्या वह्या सांभाळणारे, गिटारीतले आम्हांला काय कळणार? पण विचारपूस केली, वाचले, तेव्हा एका कामगाराची हकिकत हाती लागली.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी १९६५ साली सतरा वर्षांचा होता आणि पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी परत जाऊच नये असे त्याच्या मनात होते; आईने दिवस पुरा करायला पाठवले. नेहमीचा कामगार आला नव्हता म्हणून याला प्रेसवर उभे केले. यंत्र खाली आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी वादन विसरायला सांगितले. कारखान्यातल्या वरिष्ठाने मात्र त्याला जँगो राईनहार्टची तबकडी ऐकवली. जँगो युरोपातल्या रोमा या भटक्या, तुच्छ लेखलेल्या समाजातला. १९२८ च्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो जगप्रसिद्ध झाला.

आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. (हा बँजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला नव्हे.) पुढे तारा सैल करून स्वरच खाली उतरवला. त्याच्या 'ब्लॅक सबाथ' या वाद्यवृंदाचा तो जड, खर्जातला आवाज यातूनही घडला. १९७० साली त्यांची पहिली तबकडी निघाली.

आपल्या पोरीची तर दहाही बोटे शाबूत! मग गिटार एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. तारा पट्ट्यांपासून नको तितक्या उंच होत्या. त्याने त्या खाली आणल्या, पातळ तारा चढवल्या. त्याने सांगितलेले इतर पालकांनाही उपयोगी पडेल. अंगठा मानेच्या मागे मधोमध ठेवला की बोटे लांबवर पोहोचतात. तार पट्टीच्या अगदी लगत दाबली की जोर कमी लागतो. पाचव्या पट्टीवर कॅपो हा चिमटा लावला तर तारेची लांबी चौथ्या हिश्श्याने घटते आणि घरे जवळ येतात. लहान मापाची गिटारही मिळते.

एवढे कळल्यावर पोरगी ईर्ष्येने पेटली. रोज दोन-दोन तास! बोटांना फोड आले. तेव्हा आम्ही तिला सोण भिक्खूची गोष्ट सांगितली. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले होते, आणि तो पूर्वीचा वीणावादक. तथागतांनी त्याला विचारले होते, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? आता ती सकाळी पंधरा मिनिटे बसते, संध्याकाळी पंधरा.

वडील एकदा म्हणाले, आता वय झाले, नाहीतर मीही शिकलो असतो. बाबासाहेबांनी व्हायोलिन उतारवयात शिकायला घेतले होते, हे आम्ही त्यांच्या कानावर घातले. ते नुसते हसले.

परवा पोरीने बोटांची टोके दाखवली. घट्टे पडू लागलेत. वडिलांनी आपला तळवा शेजारी धरला आणि दोघांनी घट्टे ताडून पाहिले. एफ कॉर्ड मात्र अजून बसत नाही. दोन तारा मुक्याच राहतात.