मातीखालचे मंदिर

लंडन शहराच्या मध्यभागी पूर्वी वॉलब्रुक नावाचा एक ओढा वाहत असे. आज तो दिसत नाही. शेकडो वर्षे भराव पडत गेला, ओढा बुजला आणि त्यावर रस्ते व इमारती उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबहल्ले झाले, तेव्हा या भागातील पुष्कळ इमारती जमीनदोस्त झाल्या. युद्धानंतर तेथे कचेऱ्यांची एक मोठी इमारत बांधायचे ठरले. ती उभी राहण्यापूर्वी खाली काय दडले आहे हे पाहावे, म्हणून डब्ल्यू. एफ. ग्राइम्स या पुरातत्त्वज्ञांनी १९५२ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले.

काम सावकाश चालले. जुन्या भिंती सापडल्या. इमारत लांबट होती आणि तिचे एक टोक अर्धगोल होते. मधला भाग खोलगट, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. हे मंदिर असावे, असे वाटत होते. पण कोणाचे? १८ सप्टेंबर १९५४ रोजी, उत्खननाची मुदत संपत आली असताना, मातीतून संगमरवराचे एक मस्तक वर आले. तरुण चेहरा, कुरळे केस, डोक्यावर पुढे वळलेल्या टोकाची मऊ टोपी. या टोपीवरून ओळख पटली. तो मिथ्रास देव होता.

मिथ्रास हे नाव तुम्हांला अनोळखी वाटेल. पण त्याचा एक नातेवाईक तुमच्या बोलण्यात रोज येतो. उर्दूतील 'मेहर' आणि 'मेहरबान' हे शब्द पाहा. फारसीत 'मेहर' म्हणजे सूर्य, आणि प्रेम किंवा कृपासुद्धा. हा शब्द प्राचीन इराणातील मिथ्र या देवाच्या नावापासून आला आहे. (निकाहातला 'महर' मात्र निराळा, तो अरबी आहे. उर्दूत दोन्ही सारखेच लिहिले जातात, एवढेच.) वेदांतील मित्र देवही याच कुळातला. मराठीत सूर्याला 'मित्र' म्हणतात, ते त्यामुळेच.

नाव पूर्वेकडचे असले तरी रोमन साम्राज्यात या देवाची उपासना वेगळ्याच रूपात वाढली. तिच्यात फक्त पुरुषांना प्रवेश होता. सैनिक, व्यापारी आणि सरकारी नोकर हे तिचे मुख्य अनुयायी होते. ते गुहेसारख्या अंधाऱ्या खोलीत, दिव्यांच्या उजेडात जमत आणि एकत्र जेवत. समोर मिथ्रास बैलाला मारत असल्याचे शिल्प असे. या पंथाची दीक्षा गुप्त होती. त्याचा एकही धर्मग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यामुळे या लोकांविषयी आपल्याला जे कळते, ते बहुतेक जमिनीतून निघालेल्या वस्तूंवरूनच कळते. वस्तू गेली, की माहितीही गेली.

आणि नुसती वस्तू हाती येऊन भागत नाही. ती कोठे आणि कशी पडली होती, हेही पाहावे लागते. लंडनचे मंदिर इ. स. २४० च्या सुमारास बांधले गेले. मिथ्रासचे मस्तक मात्र नंतरच्या काळातील जमिनीखाली पुरलेले होते. तसेच मिनर्व्हा देवीचे आणि सेरापिस देवाचे मस्तकही मिळाले. सेरापिस हा मूळ मिसरचा देव. त्याच्या डोक्यावर धान्य मोजण्याचे माप आहे. ही मस्तके इकडेतिकडे फेकलेली नव्हती, काळजीपूर्वक पुरलेली होती. चौथ्या शतकात जुन्या देवांच्या उपासकांना वाईट दिवस आले, तेव्हा कोणीतरी ती लपवली असावीत. हीच मस्तके एखाद्या दुकानात विकत मिळाली असती, तर ती सुंदर दिसली असती, पण ही हकीकत त्यांना सांगता आली नसती.

वृत्तपत्रांत बातमी येताच लोकांची रीघ लागली. दोन-तीन आठवड्यांत सुमारे ४,००,००० लोकांनी ती जागा पाहिली. मंदिर वाचवावे की इमारत बांधावी, हा प्रश्न पंतप्रधान चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापर्यंत गेला. शेवटी भिंतींचे दगड काढून ठेवण्यात आले, आणि १९६२ मध्ये सुमारे १०० मीटर दूर, रस्त्याच्या पातळीवर, ते पुन्हा रचले गेले. ही रचना सदोष होती. दगड सिमेंटने सांधले, दिशा बदलली, आणि जमिनीत उतरणारे मंदिर उघड्यावर आले. गुहेचा अंधारच नाहीसा झाला, तर मिथ्रासच्या मंदिरात उरले काय?

पुढे त्याच जागेवर ब्लूमबर्ग कंपनीने नवी इमारत बांधायला घेतली. तेव्हा २०१० ते २०१४ या काळात पुन्हा उत्खनन झाले आणि १४,००० हून अधिक वस्तू मिळाल्या. ओढ्याकाठची माती कायम ओली होती. अशा चिखलात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड आणि चामडे कुजत नाही. तेथे चामडी जोडे निघाले, तसेच ४०० हून अधिक लाकडी पाट्या निघाल्या. या पाट्यांवर मेणाचा थर देऊन टोकदार लेखणीने लिहीत असत. मेण नाहीसे झाले होते, पण लेखणीचे ओरखडे खालच्या लाकडावर उमटले होते. रॉजर टॉमलिन या विद्वानाने ते वाचले. एका पाटीवर ८ जानेवारी ५७ ही तारीख आहे. टिबुलस नावाचा माणूस त्यात कबूल करतो, की आपण ग्रॅटसचे १०५ दिनार देणे लागतो. मंदिर बांधले जाण्याच्या पावणेदोनशेहून अधिक वर्षे आधीची ही उधारी!

मंदिराचे दगड नव्याने, जुनी छायाचित्रे व नकाशे पाहून रचण्यात आले आणि २०१७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आता ते रस्त्यापासून सुमारे ७ मीटर खाली, पुन्हा अंधारात आहे. मात्र रचना मूळ जागेपासून थोडी पश्चिमेला सरकवली आहे, कारण जुन्या मंदिराचा काही भाग अजून तेथेच जमिनीत आहे आणि त्याला धक्का लावायचा नव्हता.